नवे यकृत, जुने विषाणू



व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला विषय विचारला तेव्हा आम्ही 'यकृतारोपण' असे उत्तर दिले. त्यावर एक चालक जरा घाबरून म्हणाले, "डॉक्टर, शस्त्रक्रियेची चित्रे दाखवणार असाल तर पहिल्या रांगेतली मंडळी उठून जातील." आम्ही त्यांना अभय दिले. आज येथे सुरी, कात्री किंवा रक्त यांचे दर्शन घडणार नाही. आज सांगायची आहे ती विषाणूंची गोष्ट. ते साध्या सूक्ष्मदर्शकातूनही दिसत नाहीत. परंतु रोपण केलेले यकृत किती दिवस टिकणार, हे पुष्कळदा शस्त्रवैद्यापेक्षा तेच ठरवतात.

आरंभी एका शब्दाबद्दल दोन वाक्ये बोलू. आपण मराठीत 'काळीज' म्हणतो ते हृदयाच्या अर्थाने. काळीज धडधडते, काळजाला घरे पडतात, मूल हा आईच्या काळजाचा तुकडा असतो. परंतु खाटकाच्या दुकानात जाऊन कलेजी मागा. तो हृदय देत नाही, यकृत देतो. संस्कृतातील 'कालेय' म्हणजेही यकृतच. तेव्हा काळजाचा तुकडा काढून देणे हा आपल्या भाषेतला केवळ अलंकार राहिलेला नाही. आज आपल्या देशात होणाऱ्या यकृतारोपणांपैकी बहुसंख्य अशीच होतात: आई मुलाला, मुलगा बापाला, पत्नी पतीला आपल्या यकृताचा भाग देते. उरलेला भाग थोड्याच आठवड्यांत वाढून बहुतेक पूर्ववत होतो. निसर्गाने ही सवलत शरीरातील दुसऱ्या कोणत्याही मोठ्या अवयवाला दिलेली नाही.

असाच तुकडा द्यायला निघालेली एक भगिनी काही वर्षांपूर्वी आमच्याकडे आली होती. धाकट्या भावाचे यकृत बी-विषाणूमुळे झिजून कठीण झाले होते, पोटात पाणी भरत होते, दोनदा रक्ताची उलटी झाली होती. भाऊ तिला आक्का म्हणे. कागदपत्रे तपासून झाल्यावर आक्कांनी विचारले, "डॉक्टरसाहेब, तुकडा द्यायला मी तयार आहे. पण ज्या रोगाने ह्याचं लिव्हर खाल्लं, तोच रोग माझा तुकडाही खाणार नाही ना?"

आम्ही पुष्कळ परिषदा ऐकल्या आहेत. या विषयाचा गाभा इतक्या थोडक्या शब्दांत विचारलेला आम्ही कोठे ऐकला नाही. आजचे व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचे उत्तर आहे, एवढेच समजा.

टाके जुळले, पण रोगी वाचला का?

मूत्रपिंडे निकामी झाली तर यंत्रावर रक्त शुद्ध करून माणूस वर्षानुवर्षे काढू शकतो. यकृताला असे टिकाऊ यंत्र अद्याप नाही. पित्त तयार करणे, रक्त गोठवणारी द्रव्ये बनवणे, विषारी पदार्थांची विल्हेवाट लावणे, ही सारी कामे करणारा सुमारे दीड किलो वजनाचा हा कारखाना बंद पडला, की दुसरे यकृत मिळवण्यावाचून मार्ग उरत नाही.

हा मार्ग प्रथम चोखाळला तो अमेरिकेतील डेन्व्हर येथे डॉ. थॉमस स्टार्झल यांनी. १ मार्च १९६३ रोजी त्यांनी एका लहान मुलावर मनुष्यातील पहिले यकृतारोपण केले. रक्तस्राव न थांबल्यामुळे ते मूल टेबलावरच दगावले. १९६७ साली त्यांचा एक बालरोगी वर्षाहून अधिक काळ जगला आणि हे कार्य शक्य आहे असे जगाला दिसले. पुढच्याच वर्षी इंग्लंडात केंब्रिज येथे रॉय काल्न यांनीही हे काम हाती घेतले. तरीसुद्धा पुढील दहा-बारा वर्षे निकाल निराशाजनकच होते. शंभर रोग्यांपैकी वर्षअखेर जगणारे जेमतेम तीस-पस्तीस असत.

अडचण अशी की, शरीर परक्या अवयवाला घरात घेत नाही. रक्तातील पांढऱ्या पेशी त्याला शत्रू समजून त्याच्यावर तुटून पडतात. या पेशींना आवर घालणारे प्रभावी औषध मिळाले ते नॉर्वेतील मातीत सापडलेल्या एका बुरशीतून. त्याचे नाव सायक्लोस्पोरिन. पुढे जपानात त्सुकुबा येथील मातीत सापडलेल्या सूक्ष्मजंतूपासून टॅक्रोलिमस मिळाले. या औषधांनी चित्र पालटले. १९८३ साली अमेरिकेत तज्ज्ञांच्या परिषदेने यकृतारोपण हा यापुढे प्रयोग नसून मान्य उपचार आहे असा निर्वाळा दिला. आपल्याकडे मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ साली झाला आणि १९९८ साली दिल्लीत पहिले यशस्वी यकृतारोपण पार पडले. आज जगातील चांगल्या केंद्रांत शंभरातील पंचाऐंशी ते नव्वद रोगी पहिले वर्ष पार करतात.

येथे गोष्ट संपली असती तर आम्ही आपला वेळ घेतला नसता. परंतु शरीराचा पहारा औषधाने ढिला केला, म्हणजे तो नव्या यकृतापुरताच ढिला होत नाही. वाड्याचा दिंडीदरवाजा पाहुण्यासाठी सताड उघडा ठेवला, तर पाहुण्याच्या मागोमाग चोरही आत येतो. आणि माळ्यावर आधीच दडून बसलेला चोर खाली उतरतो. यकृतारोपणानंतर त्रास देणाऱ्या विषाणूंच्या या दोन जाती आहेत. काही विषाणू बाहेरून येतात, दात्याच्या अवयवातून, रक्तातून किंवा पाण्यातून. काही रोग्याच्या अंगातच असतात. आणि एक चमत्कारिक वर्ग असा, की ज्याने जुने यकृत खाल्ले तोच नव्याची वाट पाहत असतो. आक्कांचा प्रश्न या वर्गाचा आहे. तेव्हा तेथूनच आरंभ करू.

जुना वैरी, नवे घर

बी-विषाणूचा माग अमेरिकन शास्त्रज्ञ बारुख ब्लुमबर्ग यांना लागला तो काविळीचा शोध घेताना नव्हे. निरनिराळ्या मानववंशांच्या रक्तातील भेद ते अभ्यासत होते. ऑस्ट्रेलियातील एका आदिवासी माणसाच्या रक्तात त्यांना एक अनोळखी प्रथिन सापडले. १९६५ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. पुढे कळले की, ते बी-विषाणूचे बाह्य आवरण होय. या कार्याबद्दल १९७६ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ब्लुमबर्ग यांचा जन्मदिवस २८ जुलै. तोच दिवस आज जागतिक हिपॅटायटिस दिन म्हणून पाळला जातो.

हा विषाणू यकृतपेशीच्या केंद्रकात आपले बीज ठेवून देतो. आता कोणी म्हणेल, सारे यकृतच काढून टाकले तर बीजही गेले. तसे होत नाही. विषाणू रक्तात फिरत असतो आणि यकृताबाहेरही त्याची ठाणी असतात. नव्या यकृतात रक्त सुरू झाले, की तो त्यात शिरतो. त्यातच रोपणानंतर द्यावयाची स्टेरॉइड औषधे या विषाणूच्या वाढीला उत्तेजन देतात, आणि पहारेकरी पेशी तर आपणच निजवलेल्या असतात. परिणाम काय व्हायचा? १९८० च्या दशकात असे दिसून आले की, या रोग्यांपैकी तीन-चतुर्थांशांच्या नव्या यकृतात रोग परत येतो; आणि जो पहिल्या यकृताला वीस-तीस वर्षांत संपवत होता, तो दुसऱ्याला काही महिन्यांत वा थोड्या वर्षांत संपवतो. हाताशी यकृते थोडी आणि मागणारे फार, अशा स्थितीत कित्येक केंद्रांनी बी-काविळीच्या रोग्यांना रोपण नाकारावयास आरंभ केला. त्या निर्णयात निर्दयपणा होता असे आम्ही म्हणणार नाही. एका रोग्याला दिलेले यकृत दुसऱ्याला नाकारलेले असते. परंतु त्या काळी एखादी आक्का पुढे आली असती, तर तिच्या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर एकच होते: "होय ताई, बहुधा खाईल."

हे उत्तर बदलले ते दोन पावलांत.

पहिले पाऊल तयार प्रतिपिंडांचे. ज्या लोकांच्या रक्तात बी-विषाणूविरुद्धची प्रतिपिंडे भरपूर असतात, त्यांच्या रक्तद्रवातून ती वेगळी काढून रोग्याला टोचता येतात. ही टोचणी केव्हा द्यावयाची, यात खरी खुबी आहे. जुने यकृत बाहेर काढलेले आहे आणि नवे अद्याप जोडलेले नाही, अशी काही मिनिटे शस्त्रक्रियेत येतात. रोग्याच्या शरीरात त्या वेळी यकृतच नसते. नेमक्या त्या संधीला मोठी मात्रा द्यावयाची, म्हणजे नव्या यकृताचा दरवाजा उघडण्याआधीच रक्तातील विषाणू पकडला जातो. पुढे आठवडाभर रोज, आणि मग महिन्या-महिन्याने टोचणी चालू ठेवावयाची. १९९३ साली फ्रान्समधील दिदिए सामुएल आणि त्यांच्या युरोपीय सहकाऱ्यांनी ३७२ रोग्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. टोचणी न दिलेल्यांत तीन वर्षांत रोग परतण्याचे प्रमाण शेकडा ७५ होते. काही महिन्यांतच टोचणी बंद केलेल्यांतही ते जवळजवळ तेवढेच राहिले. दीर्घकाळ चालू ठेवलेल्यांत ते शेकडा ३६ वर आले. या आकड्यांतला मधला आकडा श्रोत्यांनी ध्यानात ठेवावा. थोडे दिवस केलेले रक्षण आणि मुळीच न केलेले रक्षण यांत फरक पडला नाही. या धड्याची गरज आपल्याला शेवटी लागणार आहे.

दुसरे पाऊल गोळीचे. लॅमिव्ह्युडिन हे औषध १९९८ च्या सुमारास बी-काविळीसाठी मान्य झाले. त्याने विषाणूची वाढ थांबे. परंतु दोन-तीन वर्षांत विषाणू रूप पालटून त्याला दाद देईनासा होई. २००५ नंतर एन्टेकॅव्हिर आणि त्यामागोमाग टेनोफोव्हिर ही अधिक भरवशाची औषधे आली. आता रोपणापूर्वीच गोळी सुरू करून रक्तातील विषाणू खाली आणतात, शस्त्रक्रियेच्या वेळी गरजेप्रमाणे प्रतिपिंडे देतात आणि गोळी जन्मभर चालू ठेवतात. रोग परतण्याचे प्रमाण आता शंभरात पाचाच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे. ज्या रोग्यांना एके काळी दारातून परत पाठवत, त्यांचे निकाल आज उत्तम निकालांत गणले जातात.

ज्याला लस नाही, त्याला औषध मिळाले

सी-विषाणूची कथा याहून विलक्षण आहे. १९८९ पर्यंत त्याला नावही नव्हते. 'ए नव्हे आणि बी नव्हे' अशी त्याची ओळख. रक्त दिल्यानंतर होणारी, कारण न कळणारी कावीळ. त्या साली मायकेल हाउटन आणि त्यांचे सहकारी यांनी विषाणू प्रत्यक्ष न पाहताच त्याच्या जनुकद्रव्याचा तुकडा शोधून काढला. हाउटन, हार्वे ऑल्टर आणि चार्ल्स राइस यांना या कार्याबद्दल २०२० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

ज्याच्या रक्तात रोपणाच्या वेळी सी-विषाणू असतो, त्याच्या नव्या यकृतात तो जवळजवळ निरपवादपणे परत येतो. काही तासांतच शिरकाव करतो आणि थोड्या दिवसांत पूर्वीची पातळी गाठतो. एरवी सी-काविळीला यकृत कठीण करावयास वीस ते तीस वर्षे लागतात. नव्या यकृतात मात्र शंभरातील वीस ते तीस रोग्यांत ते काम पाच वर्षांत उरकते. त्या काळचे औषध म्हणजे इंटरफेरॉनची टोचणी. तिने ताप येई, रक्तातील पेशी घटत, मन खिन्न होई आणि कधीकधी शरीर नव्या यकृतालाच झिडकारू लागे. इतके सोसून बरे होणारे तिघांत एक. प्रतिपिंडांची टोचणी येथे उपयोगी पडली नाही आणि या विषाणूवर लस आजही नाही.

२०१३ च्या अखेरीस सोफोस्बुव्हिर हे औषध अमेरिकेत मान्य झाले. त्याच्या जोडीला तशीच दुसरी औषधे आली. बारा आठवडे गोळ्या घ्यावयाच्या, आणि शंभरातील पंचाण्णवांहून अधिक लोकांच्या अंगातून विषाणू समूळ जातो. रोपण झालेल्यांतही निकाल तसेच चांगले आहेत. अमेरिकेत एका गोळीची किंमत हजार डॉलर ठेवली गेली, तेव्हा जगभर हाहाकार उडाला. २०१४ साली भारतीय कंपन्यांना हे औषध बनवण्याचे परवाने मिळाले आणि आपल्याकडे ते फारच थोड्या किमतीत उपलब्ध झाले. सी-काविळीपायी रोपण कराव्या लागणाऱ्यांची संख्या अमेरिकेत आज घटली आहे. इतकेच नव्हे, तर दात्याच्या यकृतात सी-विषाणू असला तरी ते यकृत टाकून न देता निरोगी ग्राहकाला बसवावे आणि मागाहून गोळ्यांनी विषाणू घालवावा, येथपर्यंत मजल गेली आहे. जो दोष पूर्वी अपात्र ठरवी, तो आज बारा आठवड्यांचा प्रश्न झाला आहे.

झोपलेले पाहुणे

आता माळ्यावर दडलेल्या चोराकडे वळू. सायटोमेगॅलो हे या विषाणूचे नाव जिभेला जड. परंतु त्याची आपली ओळख बाळपणीची आहे. भारतातील बहुतेक सर्व प्रौढांना तो लहानपणी होऊन गेलेला असतो. किरकोळ ताप येतो, कोणाच्या लक्षातही राहत नाही. पण विषाणू जात नाही. पांढऱ्या पेशींत जन्मभर झोपून राहतो. रोपणानंतरच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत, औषधांनी पहारा सर्वांत ढिला असतो तेव्हा, तो जागा होतो. ताप येतो, पांढऱ्या पेशी घटतात, जुलाब लागतात, कधी नव्या यकृतालाच सूज येते. प्रत्यक्ष रोगापेक्षा त्याचे आडून होणारे परिणाम अधिक जाचक असतात: दुसऱ्या जंतूंना वाट मोकळी होते आणि शरीर नव्या अवयवाला झिडकारण्याचा धोका वाढतो.

दात्याला हा विषाणू होऊन गेला आहे आणि ग्राहकाला कधीच झालेला नाही, ही जोडी सर्वांत धोक्याची. आपल्याकडे अशी जोडी कोठे आढळते? आई आपल्या तान्ह्या बाळाला तुकडा देते तेथे. आईच्या यकृताबरोबर तिचा झोपलेला पाहुणा ज्या घरात जातो, तेथे त्याला ओळखणारे कोणी नसते. म्हणून अशा रोग्यांना आरंभीचे तीन ते सहा महिने व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे औषध देतात; किंवा ठराविक दिवसांनी रक्तातील विषाणू मोजून तो वाढू लागताच औषध सुरू करतात. रोग दिसण्याची वाट पाहत नाहीत.

याचा एक भाऊबंद एप्स्टाइन-बार. त्याचा शोध एका व्याख्यानातून लागला, म्हणून या व्यासपीठावर तो सांगणे उचित होईल. आफ्रिकेत काम करणारे शस्त्रवैद्य डेनिस बर्किट यांनी १९६१ साली लंडनमध्ये तेथील मुलांच्या जबड्यांत होणाऱ्या गाठींवर व्याख्यान दिले. श्रोत्यांत अँथनी एप्स्टाइन नावाचे तरुण संशोधक बसले होते. या गाठींमागे विषाणू असावा असे त्यांच्या मनाने घेतले, आणि १९६४ साली त्यांनी सहकाऱ्यांसह तो शोधून दाखवला. व्याख्यान ऐकण्यात वेळ वाया जातो असे म्हणणाऱ्यांना हे उदाहरण सांगावे.

हा विषाणूही बहुतेकांच्या अंगात निजलेला असतो. रोपणानंतर तो जागा झाला, तर रसग्रंथींच्या पेशी बेसुमार वाढून कर्करोगासारख्या गाठी होतात, विशेषतः लहान मुलांत. १९८४ साली स्टार्झल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक आश्चर्यकारक गोष्ट दाखवली: रोगप्रतिकार दाबणारी औषधे कमी केली, की यांपैकी काही गाठी आपोआप विरघळतात. शरीराच्या निजलेल्या पहारेकऱ्यांना थोडे जागे केले आणि त्यांनीच चोर हाकलला. परंतु ते फार जागे झाले तर नव्या यकृतावरच धावून जातील. यकृतारोपण केलेल्या रोग्याचा वैद्य जन्मभर हाच तराजू हातात धरून उभा असतो. एका पारड्यात अवयव, दुसऱ्यात विषाणू.

पाण्यातून येणारा

डिसेंबर १९५५ मध्ये दिल्लीत काविळीची मोठी साथ आली. यमुनेच्या ज्या भागातून शहराचे पाणी उचलत, तेथे नाल्याचे घाण पाणी मिसळले होते. सुमारे २९ हजार लोक कावीळ होऊन आजारी पडले. तेव्हा ती ए-कावीळ समजली गेली. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेतील आणि अमेरिकेतील संशोधकांनी मिळून जपून ठेवलेले जुने रक्तनमुने तपासले आणि १९८० साली दाखवून दिले की, हा वेगळाच विषाणू आहे. आज त्याला आपण ई-विषाणू म्हणतो. गर्भारपणाच्या शेवटच्या महिन्यांत तो विशेष घातक ठरतो.

एरवी ए आणि ई या काविळी बहुतेकांत आपोआप बऱ्या होतात. गळ्यात काविळीची माळ घातली, चुन्याच्या पाण्याने हात धुतले आणि पाणी पिवळे झालेले पाहिले, की कावीळ उतरली असे आपण म्हणतो, ते यामुळेच. ती माळेवाचूनही उतरणारच असते. अपकार माळेने होत नाही. बी किंवा सी कावीळही माळेवर सोपवून तपासणी टाळली, म्हणजे होतो. थोड्या रोग्यांत मात्र ए किंवा ई कावीळ काही दिवसांतच यकृत पार निकामी करते, आणि मग रोपणाची धावपळ करावी लागते.

रोपण झालेल्यांत ई-विषाणूने एक नवेच रूप दाखवले. २००८ साली फ्रान्समधील तुलूझ येथील वैद्यांनी रोपण झालेल्या १४ रोग्यांची ई-कावीळ तपासली; त्यांपैकी ८ जणांत ती गेलीच नाही, मुक्कामाला राहिली. हा युरोपातील वेगळ्या जातीचा विषाणू आहे. आपल्याकडच्या ई-विषाणूची ही खोड सहसा दिसत नाही. तरी रोपण झालेल्या माणसाने पाणी उकळूनच प्यावे, पावसाळ्यात रस्त्यावरचा उसाचा रस आणि बर्फाचा गोळा यांना दुरून नमस्कार करावा, एवढे सांगण्यास हा पुरावा पुरे आहे. ए आणि बी यांवरील लसी रोपणापूर्वीच घ्याव्यात. नंतर शरीर लशीला नीट प्रतिसाद देत नाही, हे करोनाच्या साथीतही दिसून आले. कांजिण्या-गोवरासारख्या जिवंत विषाणूंच्या लसी तर रोपणानंतर सहसा देतच नाहीत.

आक्कांना दिलेले उत्तर

आता त्या भगिनीकडे परत जाऊ. आम्ही त्यांना सांगितले, "ताई, गोळी नियमित घेतली तर तुमचा तुकडा सुरक्षित राहील." परंतु त्यांचे रक्त तपासले तेव्हा एक नवी गोष्ट निघाली. त्यांच्या रक्तात विषाणू नव्हता, पण तो पूर्वी होऊन गेल्याची खूण होती. अशा माणसाच्या यकृतात विषाणूचे बीज निद्रिस्त राहिलेले असते. ज्याला बी-कावीळ कधी झालेली नाही अशाला ते यकृत औषधावाचून दिले, तर पुष्कळदा रोग उपजतो. येथे मात्र भाऊ मुळातच त्या रोगाचा. त्याला जन्मभर गोळी घ्यावयाचीच होती. ती एकच गोळी दोन्ही चोरांना पुरणार होती. दान नाकारण्याचे कारण नव्हते.

मग आईचे रक्त तपासले. आईंच्या रक्तात बी-विषाणू होता. त्यांना आयुष्यात कधी कावीळ झाल्याचे आठवत नव्हते. जन्माच्या वेळी आईकडून मुलाला हा विषाणू मिळतो. आणि तान्हेपणी ज्यांना तो होतो, त्यांपैकी दहांतील नवांच्या अंगात तो कायम राहतो. मोठेपणी झाला तर शंभरातील पाचांच्याही अंगात राहत नाही. एका कुशीतल्या दोघांपैकी भावाच्या अंगात तो राहिला, बहिणीच्या अंगातून गेला. आईंनी हे ऐकले आणि बराच वेळ त्या बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे मीच दिला होय याला?" आम्ही त्यांना म्हणालो, "आई, तुमच्या वेळी ही लस या देशात कोणी बाळांना देत नव्हते. तुम्ही दिला नाही. तुमच्या नकळत तो तुमच्यामधून गेला." त्यांचे समाधान झाले की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही.

रोपण यथासांग पार पडले. पहिली दोन वर्षे तपासण्या स्वच्छ आल्या आणि याच स्वच्छ कागदांनी घात केला. आपण बरे झालो, मग गोळी कशाला, असे भावाने मनाशी ठरवले आणि कोणाला न सांगता ती बंद केली. भाऊबिजेला ओवाळताना आक्कांनी सहज विचारले, "गोळी घेतोस ना रे?" तो क्षणभर अडखळला, आणि आक्कांना काय ते समजले. दुसऱ्या दिवशी त्या त्याला घेऊन आमच्याकडे आल्या. चार महिन्यांचा खंड पडला होता आणि विषाणू रक्तात पुन्हा दिसू लागला होता. यकृताला मोठी इजा होण्याआधी गोळी सुरू झाली, आणि काही महिन्यांत विषाणू पुन्हा दबला. सामुएल यांच्या ३७२ रोग्यांतील मधला आकडा आम्ही आपल्याला ध्यानात ठेवावयास सांगितला होता तो याचसाठी. थोडे दिवस केलेले रक्षण हे रक्षण नव्हे.

श्रोतेहो, यकृतारोपण ही थोर विद्या आहे. तिच्यात शस्त्रवैद्याचे कौशल्य आहे आणि दात्याचे औदार्य आहे. परंतु त्या औदार्याचे चीज होते ते प्रयोगशाळेतील तपासणीने आणि रोज रात्री आठवणीने घेतलेल्या गोळीने. आणि याहूनही चांगले म्हणजे रोपणाची वेळच न येणे. ते पुष्कळ अंशी आपल्या हाती आहे. बी-विषाणूची लस १९८० च्या दशकापासून जगाला उपलब्ध आहे. आपल्या देशात २०११ पासून ती सर्वत्र बाळांच्या नेहमीच्या लसीकरणात आली. जन्मानंतर चोवीस तासांच्या आत बाळाला पहिली मात्रा मिळाली, तर आईकडून मुलाकडे जाणारी वाट बव्हंशी बंद होते. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी आणि सी या दोन्ही काविळींची तपासणी आणि औषधे सरकारी केंद्रांत मोफत मिळतात. तपासणीला लागते ते थोडेसे रक्त आणि विचारण्याचे धैर्य.

तेव्हा येथून घरी गेल्यावर एवढे करा. घरात नवे बाळ येणार असेल, तर इस्पितळात विचारा की, चोवीस तासांतली लस देणार ना? घरात कोणाला पूर्वी बी किंवा सी कावीळ झाली असेल, तर सर्वांचे रक्त एकदा तपासून घ्या. आणि कोणी आपल्या माणसासाठी काळजाचा तुकडा दिला असेल, तर आक्कांप्रमाणे अधूनमधून विचारत राहा, "गोळी घेतोस ना?"